ढगातले बिऱ्हाड

आमच्या कुरुंदवाडात ‘ढग’ हा शब्द जपून उच्चारावा लागतो. कवींना तो फार प्रिय. मीही गेली वीस वर्षे वर्गात मेघांवरच्या कविता रंगवून शिकवीत आलो आहे. पण जुलै उजाडला, पश्चिमेकडे आभाळ काळवंडले आणि राधानगरीवर पाऊस धरला असे कुणी म्हणाले, की आमच्याकडे माणसे कविता बाजूला ठेवून आधी माळा झाडायला घेतात. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाशेजारचे हे गाव. पाऊस पडतो गगनबावड्याला आणि पाणी लागते आमच्या उंबऱ्याला! २००५ साली लागले, २०१९ साली लागले, २०२१ साली लागले. तेव्हा पतसंस्थेच्या सभेत ‘आपला सगळा हिशेब आता ढगात ठेवू या’ अशी सूचना आली, त्या वेळी आमच्या चेअरमनसाहेबांचा जो चेहरा झाला, तो आपण नजरेसमोर आणू शकाल.

“ढगानंच बुडवलं न्हवं आपल्याला?” ते म्हणाले, “आन् आता ढगातच न्हेऊन ठेवायचं व्हय?”

सभा खळखळून हसली. मीही हसलो. मात्र इतिवृत्तात हे वाक्य लिहावे की नाही, या विचारात बराच वेळ माझे पेन थांबून राहिले.

मी या पतसंस्थेचा संचालक कसा झालो, हे सांगितले पाहिजे. मला व्याजाचे गणित येते म्हणून नव्हे. इतिवृत्त शुद्ध मराठीत लिहायला कुणीतरी हवे होते, आणि गावात मराठीचा प्राध्यापक म्हणजे अशा कामासाठी फुकट मिळणारा माणूस. संस्था लहान. पिग्मीवाले, दूधवाल्या बायका, चार-दोन भुसार व्यापारी, निवृत्त मास्तर, असे तिचे ठेवीदार. इमारत मात्र दुमजली, आणि त्या इमारतीत एकच खोली थंडगार. ती चेअरमनची असेल असा कुणाचाही समज होईल; पण नाही. चेअरमन बाहेर पंख्याखाली घाम पुशीत बसत, आणि थंड खोलीत तीन काळी यंत्रे निवांत घोंगावत असत. त्यांना सर्व्हर म्हणतात हे मला तिथेच कळले. एकावर ठेवींचा आणि कर्जाचा हिशेब, दुसऱ्यावर पिग्मी, तिसऱ्यावर ठेवीदारांना मोबाइलवर निरोप धाडण्याचे काम.

“तिन्ही कामे एकाच यंत्रावर का नाहीत?” असे मी एकदा विचारले होते. यंत्रांची निगा राखायला महिन्याच्या ठरावीक पैशांवर येणारा एक तरुण होता, माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, तिघी सवती हायेत. एका घरात नांदत न्हाईत. एकीचं काय बिघडलं की दुसरी रुसती.” मराठीत त्याला जेमतेम पस्तीस गुण पडले होते, पण या एका वाक्यासाठी मी त्याला साठ देऊन टाकले असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आले. आधी घाटावर, मग गल्लीत, मग पायरीवर. मॅनेजरांनी प्रसंगावधान राखून रोकड आधीच जयसिंगपूरच्या बँकेत भरली होती. माणसाला पैसा आधी आठवतो, हिशेब मागाहून. गुडघाभर पाण्यात तो तरुण आणि आमचे शिपाईमामा या दोघांनी दोन यंत्रे खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेली. तिसरे लोखंडी कपाटात बोल्ट आवळून बसवलेले होते. पान्हा सापडेपर्यंत वीज गेली, आणि पाणी कमरेला लागले. हे तिसरे यंत्र म्हणजेच ठेवींचे. त्याची एक नक्कल रोज रात्री एका छोट्या डबीत उतरत असे, आणि ती डबी मोठ्या विश्वासाने तळमजल्यावरच्या तिजोरीत ठेवलेली असे. तिजोरी चोरांपासून राखते, कृष्णामाईपासून नाही.

पाणी आठवड्याहून अधिक काळ हलले नाही. ते उतरले तेव्हा खोलीत वीतभर गाळ होता. लेखापरीक्षकांकडे जुलैअखेरची एक नक्कल मिळाली. म्हणजे त्यानंतरचे ऑगस्टचे दिवस तेवढे पुसले गेले. तेवढेच ना, असे आपण म्हणाल. पण पतसंस्थेत एक दिवस पुसला जाणे म्हणजे काय, हे त्या दिवशी पैसे भरून गेलेल्या माणसाला विचारावे. दूध घालणाऱ्या एक आक्का होत्या. म्हैस विकून आलेले अठ्ठावीस हजार रुपये त्यांनी एक ऑगस्टला भरले होते. पासबुकाचा लगदा झाला होता, पावती वाहून गेली होती. त्या पायरीवर बसून एवढेच म्हणत होत्या, “मी खोटं बोलत न्हाई वो सर, माझी म्हस गेलीया.”

आणि इथे माझ्या पोटात कालवाकालव होण्याचे कारण निराळे होते. पूर्वी संस्थेत रोज संध्याकाळी रोजकीर्द कागदावर छापून तिच्यावर सह्या होत. दोन वर्षांपूर्वी कागदाचा आणि शाईचा खर्च वाचावा म्हणून ही प्रथा बंद करण्याचा ठराव झाला होता. सूचक कोण, तर मी! ‘अनावश्यक व्ययाचे नियमन’ असे झोकदार शब्द त्या ठरावात मीच घातले होते. त्यातून वर्षाकाठी वाचले असतील सहा-सात हजार रुपये. शिपाईमामांनी जुन्या कापडी बांधणीच्या खतावण्या न चुकता माळ्यावर नेल्या होत्या. त्या कोरड्या ठणठणीत राहिल्या. नव्या रोजकिर्दीचा कागदच नव्हता, तर ते नेणार काय?

शेवटी पिग्मी एजंटांच्या चोपड्या, ज्यांची पासबुके वाचली होती त्यांची पासबुके, आणि जयसिंगपूरला भरलेल्या रोकडीचा आकडा, अशी जुळणी आम्ही तीन आठवडे करीत बसलो. सगळ्यांचे दावे मांडले, देणे वजा केले, आणि रोकडीशी ताळा घेतला. आक्कांचे अठ्ठावीस हजार त्यात चपखल बसले. फरक उरला दोनशे चाळीस रुपयांचा, आणि तोही संस्थेकडे जादा. ते कुणाचे, हे अजून कळलेले नाही. कुणीतरी मागायलाच आले नाही.

त्यानंतरच्या सभेपुढे विषय आला नव्या यंत्रांचा. कोटेशन होते साडेपाच लाखांचे: यंत्रे, बॅटऱ्या, वातानुकूलन, कपाट. आणि त्याच सभेत त्या तरुणाने उभे राहून ढगाची गोष्ट काढली.

तो ढग कुठे आहे, हा चेअरमनांचा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर ऐकून माझा मात्र थोडा विरस झाला. ढग म्हणजे पक्क्या सिमेंटच्या इमारती. नवी मुंबईत ऐरोली-रबाळे-महापेकडे अशा कितीतरी आहेत. त्यांत ओळीने हजारो सर्व्हर उभे, दाराशी डिझेलची जनित्रे, थंडाव्यासाठी अवाढव्य यंत्रणा, आणि कडक पहारा. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रे उघडली. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत, गूगलने २०१७ साली मुंबईतच. ॲमेझॉन हे नाव आपण पुस्तके आणि पातेली घरपोच धाडणारे दुकान म्हणून ओळखतो. पण २००६ सालापासून ते संगणकाची ताकद तासांच्या हिशेबाने भाड्याने देते. म्हणजे ढगात काहीच नाही. जे आहे ते दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याचे बिऱ्हाड. संगणकाचे जाळे कागदावर काढताना इंजिनिअर मंडळी पलीकडचा सगळा पसारा एका ढगाच्या चित्राने दाखवीत. त्या चित्रावरून हे नाव पडले. काय आहे ते सांगत बसायचे नसले की ढग काढावा! आम्हा समीक्षकांनाही ही युक्ती नवी नाही.

बिऱ्हाड म्हटल्यावर मात्र सगळे मला लख्ख समजले. कारण माझे बालपण वाड्यात गेले. आजोबांचा वाडा नऊ खणांचा, आणि माणसे उरली तीन. मागल्या सोप्यात वटवाघळे. कौले मात्र नऊही खणांची शाकारावी लागत, घरपट्टी नऊही खणांची भरावी लागे. शेवटी आजोबांनी चार बिऱ्हाडे ठेवली. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळे, नळाची वेळ निराळी. एकाच्या घरी काय शिजते ते दुसऱ्याला दिसत नसे (वास यायचा, पण तो वाड्याचा दोष). छप्पर एक, घरपट्टी एक. संगणकातले जे आभासीकरण म्हणतात, ते नेमके हेच. एका दणकट यंत्रावर एक दिवाणजी नेमायचा. हायपरव्हायझर असे त्याचे भारदस्त नाव. तो यंत्राची बुद्धी, स्मरणशक्ती आणि साठवण वाटून देतो. प्रत्येक बिऱ्हाडकरूला वाटते, सबंध यंत्र आपल्याच मालकीचे. मग सवती असल्या तरी बिघडत नाही. भिंती पक्क्या असतात.

‘आभासी’ हा शब्द तेवढा मला पटत नाही. आभास म्हणजे नसून दिसणारे. इथे तर काम खरे, हिशेब खरा, आणि महिन्याचे बिल त्याहून खरे. ‘विभक्त यंत्र’ म्हणावे, ‘बिऱ्हाडयंत्र’ म्हणावे. पण शब्द पाडणारे आम्हाला विचारतात कुठे?

खर्च वाचतो तो इथेच, आणि त्याचे कारणही वाड्याचेच आहे. यंत्र बसून असते. एकेका कामाला एकेक सर्व्हर वाहिला, की सरासरीने त्याच्या ताकदीचे शेकडा दहा-पंधरा भागच वापरात येतात, असे या विषयातले जाणकार फार दिवसांपासून सांगत आले आहेत. त्या तरुणाने आमच्या यंत्राचा आलेखच मला दाखवला. सकाळी अकराला जरा उठतो, जेवणाच्या सुट्टीत आडवा होतो, पाचनंतर झोपतो. मार्चअखेरीला आणि दिवाळीच्या ठेवींच्या वेळी तेवढी काय ती धावपळ. “आणि हा रविवार,” तो म्हणाला. रेघ सपाट. रविवारीही वीज चालूच, थंडावा चालूच. पोस्टकार्ड ओढायला हत्ती बांधून ठेवल्यासारखे! आमच्या शिरोळ तालुक्यात अर्ध्या एकराच्या उसासाठी कुणी ट्रॅक्टर घेत नाही, भाड्याने बोलावतो. त्याआधी बैलांचा पैरा होता: तुझी जोडी माझ्या रानात, माझी जोडी तुझ्या रानात. ही अक्कल आम्हाला परकी नव्हती. ती थंड खोलीत शिरली नव्हती, एवढेच.

या युक्तीचे वय ऐकून मला मौज वाटली. मी समजत होतो, हे कालपरवाचे खूळ असेल. पण एका मोठ्या यंत्राची अनेक यंत्रे भासवण्याचे काम आयबीएम कंपनीच्या लोकांनी अमेरिकेत साठाच्या दशकातच केले होते, आणि १९७२ साली ती सोय त्यांनी गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. तेव्हा यंत्र एवढे महाग, की ते एकट्याला देणे परवडतच नसे. १९६१ साली जॉन मॅकार्थी नावाच्या गणितज्ञाने एमआयटीच्या शताब्दीप्रसंगी बोलताना सांगून टाकले होते, की टेलिफोनसारखी संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. पुढे यंत्रे स्वस्त झाली, आणि जो तो आपापले वेगळे घेऊ लागला. एकत्र कुटुंब मोडले की भांडी वाढतात, तसे झाले. १९९८ साली कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि तिने जुनी युक्ती साध्या, स्वस्त यंत्रांवर आणली. २००३ पासून तर चालू काम न थांबवता बिऱ्हाड एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले. तव्यावर भाकरी असताना चूल उचलून शेजारच्या वाड्यात न्यावी आणि भाकरी करपू नये, असा हा प्रकार!

आमच्याच महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या जानेवारीत आपल्या खात्यांसाठी क्लाउडचे धोरण जाहीर केले. आणि गावोगावच्या विकास सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली जी योजना मंजूर केली, ती तर मला शाळकरी गणितासारखी सोडवून पाहावीशी वाटली. देशातल्या ६३ हजार सोसायट्या, खर्च २,५१६ कोटी रुपये. भागाकार केला तर एका सोसायटीमागे सुमारे चार लाख. त्यात संगणक आले, जुन्या नोंदी भरणे आले, सेक्रेटरींचे प्रशिक्षण आले. प्रत्येक सोसायटीने आपापले सर्व्हर, आपापली प्रणाली घ्यायची म्हटले असते, तर आधी ६३ हजार थंड खोल्याच बांधाव्या लागल्या असत्या. म्हणून प्रणाली सगळ्यांची एक, ढगात ठेवलेली, आणि सोसायटीत नुसता टेबलावरचा संगणक.

पण मी २०१९ च्या सभेत होतो, आणि तिथे मी विरोधात बोललो. होय, मीच! एकदा काटकसरीचा ठराव मांडून तोंड पोळले होते. आता ताकही फुंकून पीत होतो. आपल्या माणसांचा हिशेब आपल्या गावात, आपल्या छपराखाली असावा, असे मी बऱ्याच अलंकारिक भाषेत सांगितले. “मुंबई काय बुडत न्हाई व्हय?” असे म्हणून चेअरमनांनी मला दुजोरा दिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हा आकडाही मी पुरवला.

त्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, वाडीला दक्षिणद्वार होतं, तवा उत्सवमूर्ती कुठं असती?”

मी गप्प झालो. पलीकडच्या नृसिंहवाडीला महापूर आला, की दत्तमंदिरात पाणी शिरते, पादुका पाण्याखाली जातात, मंदिर शिखरापर्यंत बुडते. पण पूजा एक दिवसही चुकत नाही. पाणी चढू लागताच उत्सवमूर्ती वर, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि नित्यक्रम तिथे चालू राहतो. “तसंच एक नक्कल मुंबईत, आन् एक दुसऱ्या गावाला. दोन्हीकडं एका दिवशी पूर येत न्हाई,” तो म्हणाला. “पण दुसऱ्या गावची नक्कल मागून घ्यावी लागती. पैसे पडत्यात. न मागता कोण ठेवत न्हाई.” त्याने आणखीही सांगितले, जे विक्रेता कधी सांगत नाही. माल आत न्यायला पैसे नाहीत, पण ढगातून आपलाच हिशेब मोठ्या प्रमाणात बाहेर काढायला मात्र आकार पडतो. प्रयोगासाठी सुरू केलेले यंत्र बंद करायला विसरलात, तर दिवाळीच्या सुट्टीभर मीटर फिरत राहील. आणि ज्याचे काम मोठे आणि बाराही महिने सारखे, त्याला स्वतःचे यंत्रच स्वस्त.

त्याचे म्हणणे किती खरे होते, ते पुढे दिसले. बेसकॅम्प काढणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ साली जाहीर केले, की आपण ढगातून खाली उतरणार. भाडे फार होते. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर एकदा पैसे भरून कायमचा परवाना मिळण्याची पद्धत बंद झाली, वर्षाची वर्गणी आली, आणि जगभर गिऱ्हाइकांनी कपाळाला हात लावला. वाडा विकला गेला, नवा मालक आला, भाडे वाढले. ही गोष्ट आमच्या गावात कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

मग त्याने फळ्यावर आकडे मांडले. ढगाचे भाडे महिना नऊ हजार. मी मनात गुणाकार केला: पाच वर्षांचे पाच लाख चाळीस हजार. कोटेशन साडेपाच लाखांचे! “म्हणजे वाचले काय?” मी जरा विजयी स्वरात विचारले. “दहा हजार?”

“सर, अजून संपलं न्हाई,” तो म्हणाला, आणि कोटेशनखाली लिहू लागला. खोलीचे वीजबिल महिना तीन हजार, पाच वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. मध्ये एकदा बॅटऱ्या बदलायच्या, साठ हजार. आणि मग त्याच अक्षरात, हात न थांबवता: निगा, महिना चार हजार, पाच वर्षांचे दोन लाख चाळीस हजार.

निगा म्हणजे तो स्वतः.

बेरीज दहा लाख तीस हजार झाली. दुसऱ्या बाजूला भाडे, आणि इंटरनेटच्या दोन लाइनींचे एक लाख वीस हजार, मिळून सहा लाख साठ हजार. वाचले तीन लाख सत्तर हजार. सभेत समाधानाची कुजबुज झाली. मी इतिवृत्तात आकडे उतरवून घेत होतो, आणि मला दिसत होते, की या तीन लाख सत्तर हजारांतले दोन लाख चाळीस हजार समोर खडू धरून उभे आहेत.

ठराव मंजूर झाला. मी विरोधी मत नोंदवले नाही.

सभा संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठले. “अरे, तुझे पैसे तू खर्चात कशाला धरलेस? कुणी विचारले नव्हते.” तो हसला. म्हणाला, “सर, त्या आक्का पायरीवर बसल्या हुत्या, तवा मी हुतो की तिथं. पान्हा मलाच सापडला न्हाई.”

ते यंत्र बोल्ट आवळून कपाटात बसवायला त्याला संस्थेनेच सांगितले होते. चोरीची भीती म्हणून. हे मी त्याला सांगितले. पटले की नाही, कोण जाणे.

त्या वर्षी पूर ओसरला आणि पंधरा-वीस दिवसांत गणपती आले, आणि त्याच आठवड्यात मोहरम. आमच्या गावातल्या पाच मशिदींत गणपती बसतो, हे वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचले असेल. तीसबत्तीस वर्षांनी तिथींचे चक्र फिरून दोन्ही सण एकत्र येतात, तेव्हा एकाच छपराखाली इकडे मूर्ती, तिकडे पंजे. आरतीच्या वेळी आरती, फातिह्याच्या वेळी फातिहा. भिंतींना अजून ओल होती, गल्लीत चिखलाचा वास होता. तो तरुण माझ्या शेजारी उभा होता. “बघा सर,” तो कानाशी म्हणाला, “यंत्र एक, बिऱ्हाडं दोन.” मी त्याला दटावले. गावाच्या मायेला खर्चाचे गणित लावणे हा करंटेपणा आहे. पण खोटे कशाला बोलू? हायपरव्हायझर म्हणजे काय, ते मला तिथे उभे असतानाच पुरते समजले.

२०२० च्या फेब्रुवारीत हिशेब ढगात गेला. मार्चअखेरीस टाळेबंदी आली, आणि मॅनेजर घरच्या ओट्यावर बसून ठेवींचे व्याज काढू लागले. त्या तरुणाकडे गावातली आणखी दोन-तीन कार्यालये होती. तीही एकेक करून ढगात गेली. बहुतेकांना तिकडे नेऊन सोडणारा तोच. मग तो पुण्याला गेला. अशाच एका सिमेंटच्या इमारतीत त्याला रात्रपाळीची नोकरी लागली. त्याची आई इथेच आहे.

रोजकीर्द कागदावर छापण्याची प्रथा मात्र आम्ही पुन्हा सुरू केली. ठराव मीच मांडला. चेअरमन म्हणाले, “आता कशाला? ढग हाय की.” मी म्हणालो, असू दे. त्या गठ्ठ्यांची जागा माळ्यावर आहे आणि वर्षाला सहा-सात हजार रुपये जातात.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले. आम्ही छापील गठ्ठे आणि एक लॅपटॉप एवढेच घेऊन जयसिंगपूरला एका स्नेह्यांच्या दुकानात टेबल टाकले. तिसऱ्या दिवशी आक्का आल्या. छावणीत होत्या, नातवाच्या औषधाला दोन हजार हवे होते. पासबुक या खेपेस पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते. मॅनेजरांनी खाते उघडले, आकडा वाचून दाखवला, पैसे मोजून दिले. पाच मिनिटांचे काम. आक्कांनी नोटा कनवटीला लावल्या आणि विचारले, “त्यो पोरगा कुठं हाय? पाण्यातनं मशिनी न्हेत हुता त्यो?”

त्याच रात्री त्याचा पुण्याहून फोन आला. मागे मोठ्या पंख्यांचा एकसुरी आवाज येत होता.

“सर, पाणी कुठंवर आलंय?”

“तुझ्या खोलीत शिरलंय,” मी म्हणालो. “खिडकीपर्यंत.”

तो क्षणभर थांबला. “खोलीत आता काय हाय?”

“काही नाही रे. चेअरमनांचं टेबल आहे. तुझी थंडाई त्यांनी घेतली.”

तो मोठ्यांदा हसला, आणि मग म्हणाला, “टेबल बोल्ट मारून बसवलं न्हाई न्हवं?”